पावतीपर्यंत नेणारी माणसं

लातूरचं नाव निघालं की लोक 'लातूर पॅटर्न'बद्दल बोलतात. बारावी विज्ञानाच्या निकालाची चर्चा महाराष्ट्रभर होते, आणि ती व्हावीच. पण त्याच गावात वाणिज्य शाखेच्या बाकांवर बसून हिशोब शिकलेल्या मुलामुलींबद्दल आणि त्यांना शिकवणाऱ्यांबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. मी त्या मुलींपैकी एक. आज नांदेड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण महाविद्यालयात वाणिज्य शिकवते. संगणकावर शिकवते, मोबाईलवर शिकवते, नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकांना टॅली आणि एक्सेल दाखवते. यातलं माझं स्वतःचं असं काही नाही. ते कुणाकुणाकडून आलं हे एकदा लिहून ठेवावं, असं बरीच वर्षं मनात होतं.

ज्या तिघांकडून ते आलं त्यांची नावं मात्र लिहीत नाही. सरांना आपलं नाव छापून आलेलं आवडत नाही. मॅडमना विचारायला गेले तर त्या विषयच बदलतील. आणि तिसऱ्या माणसाची नोकरी इतकी कच्ची आहे की त्याचं नाव घ्यायला मला भीती वाटते.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, लातूरच्या मार्केट यार्डात मापाडी होते. तूर, हरभरा, सोयाबीन काट्यावर चढायचं, अण्णा वजन पुकारायचे आणि आडतीवरचे मुनीम ते लिहून घ्यायचे. मग शेतकऱ्याची हिशोबपट्टी तयार व्हायची. इतके क्विंटल, हा भाव, त्यातून हमाली वजा, तोलाई वजा, हातात इतके. रद्द झालेल्या पट्ट्यांच्या कोऱ्या पाठीवर मी शाळेतली गणितं सोडवली आहेत. बारावीला 'पुस्तपालन व लेखाकर्म' या विषयात मला चांगले गुण मिळाले, पण त्या पुस्तकातली रोजकीर्द आणि माझ्या हातातली पट्टी यांचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे मला ठाऊक नव्हतं. नावे म्हणजे डावीकडे, जमा म्हणजे उजवीकडे, दोन्ही बाजू जुळल्या की गुण. माझं शिक्षण तेवढंच होतं. अण्णा कधी विचारायचे, "काय शिकवायलेत गं तुला कॉलेजात?" मला सांगता यायचं नाही.

बी.कॉम.ला आले तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. सर पहिल्या वर्षाला हिशोबशास्त्र शिकवायचे. एके दिवशी त्यांनी वर्गात विचारलं, कुणाच्या घरचं माणूस यार्डात कामाला आहे का. मी हात वर केला नाही. मापाड्याची मुलगी म्हणून ओळख द्यायला मला तेव्हा लाज वाटायची. मैत्रिणीनेच माझं नाव सांगितलं. सर म्हणाले, "उद्या एक जुनी पट्टी घेऊन ये." त्या एका पट्टीवर त्यांनी पुढचे अनेक तास शिकवलं. शेतकऱ्याचं खातं, खरेदीदाराचं खातं, हमालीचं खातं, तोलाईचं खातं, आडतीचं उत्पन्न. एकाच कागदातून किती नोंदी निघतात, प्रत्येक नोंद खतावणीत कुठे जाते, तेरजेत कशी उतरते आणि वर्षअखेर ताळेबंदात कुठे जाऊन बसते. तोलाईचं खातं लिहिताना ते थांबले आणि वर्गाला म्हणाले, "हे पैसे हिच्या वडिलांच्या मेहनतीचे." त्या दिवसानंतर मी अण्णांचं काम कधी लपवलं नाही. सरांचं माझ्यावरचं पहिलं ऋण हे आहे, आणि त्यात संगणक कुठेच नाही.

संगणक दुसऱ्या वर्षी आला. कॉलेजच्या एका खोलीत मोजकी यंत्रं होती, पादत्राणं बाहेर काढून आत जायचं, आणि वीज गेली की यूपीएसची शिट्टी वाजत असेपर्यंत काम वाचवून ठेवायचं. काळ्या पडद्यावरचं डॉसवर चालणारं टॅली मी तिथे पहिल्यांदा पाहिलं. श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचे चिरंजीव भारत गोयंका यांनी १९८६ मध्ये बंगळुरात सुरू केलेलं हे काम. धंद्याचे हिशोब सांभाळायला सोयीचा प्रोग्राम मिळेना, म्हणून मुलाने तो स्वतःच लिहिला. दोन दशकांत गावोगावच्या दुकानांत तो पोचला, आणि वाणिज्यच्या पदवीधराला नोकरी देताना मालक "टॅली येतं का?" एवढंच विचारू लागले.

बाहेरच्या क्लासमध्ये टॅली शिकवताना आधी कळा पाठ करून घेत. एफ-पाच म्हणजे पैसे दिले, एफ-सहा म्हणजे पैसे आले, एफ-आठ म्हणजे विक्री, एफ-नऊ म्हणजे खरेदी. त्या क्लासनी अनेकांना पोटाला लावलं, त्यांना मी नावं ठेवणार नाही. सरांची वाट उलटी होती. त्यांनी एका काल्पनिक आडतीचं पूर्ण वर्षाचं काम आधीच टॅलीत भरून आणलं होतं. पडद्यावर थेट ताळेबंद उघडला. येण्याच्या बाजूच्या एका रकमेवर कर्सर नेला आणि एंटर दाबलं. ती रक्कम उघडली, आत खरेदीदारांची यादी आली. एका नावावर पुन्हा एंटर, आत बारा महिने. एका महिन्यावर एंटर, आत त्या महिन्यातल्या नोंदी. एका नोंदीवर एंटर, आणि समोर एकच व्हाउचर, खाली पट्टीचा क्रमांक. मग त्यांनी टेबलावरच्या फायलीतून त्याच क्रमांकाची पट्टी काढून आमच्या हातात दिली. "ताळेबंदातला आकडा कुठून आला, ते आता सांगा."

वहीवर हेच करायला मुनिमाला चार वह्या उघडाव्या लागत, आणि वर्गात तर ते करून दाखवणं अशक्यच होतं. सरांना यंत्रातला वेग दाखवायचा नव्हता. बेरजा आपोआप होतात हे सांगण्यातही त्यांना रस नव्हता. या यंत्राने मोठ्या आकड्यापासून मागे मागे चालत मूळ कागदापर्यंत जाता येतं, एवढी एकच गोष्ट त्यांनी त्यातून उचलली आणि तीच शिकवली. मला वाटतं, वाणिज्य शिकवणाऱ्याने संगणकाचा याहून चांगला उपयोग केलेला मी अजून पाहिलेला नाही.

त्यांची आणखी एक शिस्त होती. वहीत रबर चालायचं नाही. चुकलं तर एक सरळ रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही. टॅलीत मात्र जुनी नोंद उघडून बदलली की आधीचं काही उरत नसे. सर त्यावर अस्वस्थ व्हायचे. संगणकावर काही बदललं तर काय बदललं, का बदललं ते आमच्याकडून वहीत लिहून घ्यायचे. आम्हाला तो जाच वाटायचा. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असंच सॉफ्टवेअर वापरणं कायद्याने बंधनकारक झालं, ज्यात प्रत्येक बदलाची तारखेसह आपोआप नोंद राहते आणि ती बंद करता येत नाही. तो नियम वर्गात शिकवताना मला सरांची ती वही आठवली. मी त्यांना फोन केला. ते म्हणाले, "बरं झालं."

एम.कॉम.साठी नांदेडला गेले. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं नसतं तर माझं शिक्षण बी.कॉम.लाच थांबलं असतं. त्याआधी आमच्या भागातल्या मुलांना विद्यापीठाच्या कामासाठी औरंगाबाद गाठावं लागे. लातूरहून चाकूर, अहमदपूर, लोहा करत एसटीने नांदेडला जाऊन यायला अण्णांनी परवानगी दिली. औरंगाबादला त्यांनी पाठवलं नसतं. विष्णुपुरीच्या त्या माळावर, विद्यापीठ अजून उभं राहत असताना, मला मॅडम भेटल्या.

पुढे बाजार समितीतल्या व्यवहारांवर संशोधन करताना मी वर्षानुवर्षांचे भाव आणि आवक कॅल्क्युलेटरवर मांडत बसले होते. मॅडमनी ते कागद बाजूला ठेवले आणि मला एक्सेलसमोर बसवलं. सूत्र लिहायला शिकवलं, आलेख काढायला शिकवलं. पण ज्या गोष्टीसाठी मी त्यांची कायमची ऋणी आहे ती वेगळीच. एक्सेलमध्ये एखाद्या उत्तरावर उभं राहून ते कोणकोणत्या चौकटींतून आलं हे निळ्या बाणांनी पाहता येतं. मॅडमनी माझ्या प्रकरणातल्या एका सरासरीवर ते बाण काढले, तर एक बाण रिकाम्या चौकटीकडे गेला. त्या काही बोलल्या नाहीत. मी सगळे तक्ते पुन्हा तपासले. सरांना त्या कधी भेटल्या नव्हत्या, तरी दोघांचं शिकवणं एकाच जागी येऊन मिळालं.

मॅडमचं दुसरं देणं म्हणजे आकडे आपल्या मातीतले घ्यायचे. संख्याशास्त्राच्या पुस्तकात अबक कंपनीची विक्री असते. मॅडम मुलांना राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर पाठवायच्या, तिथे रोजची आवक आणि भाव असतात. लातूरच्या आणि नांदेडच्या सोयाबीनचे भाव उतरवून घ्यायचे, मग त्यावर सरासरी, मध्यक, प्रमाण विचलन. हा पाठ मी आजही घेते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या आसपास गेलं होतं, त्या हंगामाचा हमीभाव ३९५० होता. नवा माल बाजारात यायच्या सुमारास भाव कोसळले. ज्या मुलाच्या घरी ते सोयाबीन पिकलं होतं त्याला विचलन म्हणजे काय हे पुन्हा समजावून सांगावं लागलं नाही. त्याने आलेख काढला, बापाने माल ज्या दिवशी विकला तिथे एक टिंब दिलं आणि वही माझ्याकडे सरकवली.

इतकी माणसं भेटूनही नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मी कळाच शिकवल्या, हे सांगायला हवं. प्रात्यक्षिकाचे तास थोडे, यंत्रं कमी, भारनियमन असं की वेळापत्रक वीज मंडळाच्या वेळा बघून लावायचं. टॅलीचा परवाना घ्यायला पैसे नव्हते, म्हणून शैक्षणिक प्रत चालायची. तिच्यात महिन्याच्या पहिल्या, दुसऱ्या अशा मोजक्याच तारखांना नोंदी करता येतात. मुलांची सगळी दुकानं महिन्याच्या एक आणि दोन तारखेलाच चालायची, आणि मी ते चालू दिलं. एक मुलगा सकाळी कॉलेज करून दुपारी किराणा दुकानावर बसायचा. त्याने विचारलं, "मॅडम, दुकानात रोज पावत्या येतात. त्या इथे कुठं लावायच्या?" मी दुसऱ्या दिवशी सरांसारखी फायल घेऊन वर्गात गेले. त्याच्याच दुकानाच्या जुन्या पावत्या घेतल्या, वहीत खऱ्या तारखांनी नोंदी केल्या, आणि मग त्याच यंत्रात चढवल्या. टॅलीत पडद्यावरची भाषा मराठी करता येऊ लागली तेव्हा मराठी माध्यमातून आलेल्या मुलींच्या चेहऱ्यावरचा ताण मी उतरताना पाहिला. नोकरीत इंग्रजीच लागणार हे खरं, पण समज आधी आपल्या भाषेत आली की इंग्रजी शब्द नंतर पटकन बसतात, असा माझा अनुभव आहे.

१ जुलै २०१७ ला वस्तू आणि सेवा कर लागू झाला आणि आम्ही सगळेच शिक्षक एका दिवसात विद्यार्थी झालो. पाठ्यपुस्तकं जुन्या व्हॅटची. सर निवृत्तीला आले होते. त्यांना ते शिकण्याची काही गरज नव्हती. त्यांनी लातूरला एक छोटी कार्यशाळा घेतली, मलाही बोलावलं. शिकवायला उभा होता सरांचाच एक जुना विद्यार्थी, यार्डातल्या डाळ मिलवाल्यांचे कर भरणारा सल्लागार. सर पहिल्या बाकावर, हातात वही. विवरणपत्र भरण्याचं साधन संगणकावर उतरवून घ्यायचं, त्यात बिलं चढवायची, फाइल तयार करून पोर्टलवर टाकायची, हे सगळं त्यांनी आपल्या विद्यार्थ्याकडून शिकून घेतलं. अडलं की हात वर करून "सर, हे पुन्हा सांगा" म्हणायचे. तो बिचारा संकोचून जायचा. दुसऱ्या दिवशी सरांनी लातूरचंच उदाहरण काढलं. तीच तूरडाळ सुटी विकली तर कर नाही, नोंदणीकृत ब्रँडच्या पाकिटात भरली तर ५ टक्के. मग एकाच मिलची दोन बिलं करायला लावली. पुढे २०२२ मध्ये हा नियम बदलून ब्रँडऐवजी आधीच बांधलेलं, लेबल लावलेलं पाकीट ही कसोटी आली, तेव्हा मी माझ्या मुलांना त्याच दोन बिलांवर तिसरं करायला लावलं. शिक्षकाने बाकावर बसण्यात कमीपणा नसतो, हे सरांनी मला सांगितलं असतं तर मी मान हलवून विसरले असते. त्यांनी ते करून दाखवलं.

ते मला पुढच्या तीन वर्षांतच उपयोगी पडलं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली. टॅली येत होतं, एक्सेल येत होतं, पण मुलं समोर नसताना शिकवायचं कसं हे मला अजिबात येत नव्हतं. आमच्या विभागात तासिका तत्त्वावर एक तरुण प्राध्यापक होते. वयाने माझ्यापेक्षा खूप लहान, सेट उत्तीर्ण, शिकवलेल्या तासांचेच पैसे, सुट्टीत काही नाही, दरवर्षी नेमणूक नव्याने. कॉलेज बंद म्हणजे त्यांचे तासही बंद. तरी त्यांनी मला रोज फोनवर शिकवलं. वर्गाची लिंक कशी द्यायची, गुगल क्लासरूममध्ये काम कसं लावायचं, हजेरी कशी घ्यायची. मी त्यांना 'सर' म्हणून प्रश्न विचारायचे आणि ते म्हणायचे, "मॅडम, तुम्ही मला सर नका म्हणू."

पहिल्याच आठवड्यात कळलं की थेट वर्गाला मोजकीच मुलं येतात. घरात एक फोन, तो वडिलांबरोबर शेतात. गावात रेंज गच्चीवर. दिवसाचा डेटा एका तासात संपतो. त्या तरुण सरांनी तोडगा काढला. थेट वर्ग रात्री जेवणं झाल्यावर, फोन घरी आल्यानंतर, आणि तोही थोडा वेळ. बाकी सगळं व्हॉट्सअॅपवर आवाजात. आवाजाच्या छोट्या निरोपाला डेटा फार लागत नाही, मुलगी भाकरी थापतानाही तो ऐकू शकते. पण ताळेबंद आवाजात कसा शिकवणार? मी लातूरला सरांना फोन केला. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "फळ्यावरचा तक्ता फोनवर टाकू नकोस, दिसायचा नाही. एका फोटोत एकच नोंद. आधी पावती, मग नोंद, मग खातं. एकेक पाठव." त्याप्रमाणे आम्ही दोघांनी पूर्ण अंतिम खाती एकेका चित्रात तोडली. प्रत्येक चित्रामागे एक आवाज. मुलं वहीत लिहून त्याचे फोटो काढून पाठवायची. जूनअखेर सरकारने इतर अॅपबरोबर कॅमस्कॅनरवर बंदी घातली, तर त्या तरुण सरांनी एका संध्याकाळी सगळ्या मुलांना दुसरी सोय करून दिली.

अंतिम वर्षाच्या परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० ला दिला. परीक्षा झाल्या, बहुपर्यायी प्रश्नांच्या. त्या काळात दुसरा मार्ग नव्हता हे मला मान्य आहे. पण हिशोबशास्त्रात चार पर्यायांतून उत्तर उचलणं म्हणजे ताळेबंदाचा आकडा पाहून पावती न मागणं. ती पद्धत सोयीची म्हणून आपण पुढेही जिथे तिथे वापरतो आहोत, ते थांबायला हवं. आता तर कृत्रिम बुद्धिमत्तेकडून मुलं सोडवलेलं उदाहरण क्षणात आणतात. मी ते नाकारत नाही. पडद्यावर लावते, एक आकडा निवडते आणि कुठून आला ते त्यांच्याकडून काढून घेते. बऱ्याचदा उत्तर बरोबर असतं आणि मुलाला सांगता येत नाही. कधी उत्तर चुकीचं असतं आणि एखादी मुलगी ते पकडते. त्या दिवशी मी घरी समाधानाने जाते.

सर आता लातूरला असतात, डोळ्यांनी कमी दिसतं, फोनवर आवाजाचेच निरोप पाठवतात. मॅडम नांदेडहून निवृत्त झाल्या. अण्णा गेले. त्यांच्या शेवटच्या काही वर्षांत काटे इलेक्ट्रॉनिक झाले होते, आणि पट्टी छापून यायची.

ते तरुण सर आता तरुण राहिलेले नाहीत. टाळेबंदीत आमच्या विभागाचं जे काही शिकवणं चाललं ते त्यांच्या जिवावर चाललं, आणि आजही ते तासिका तत्त्वावरच आहेत. असे शिक्षक मराठवाड्यातल्या कॉलेजाकॉलेजात आहेत. संगणक कक्षात यंत्रं येतात, अहवालात त्यांची संख्या छापली जाते, पण ती यंत्रं ज्यांच्या हातून मुलांपर्यंत पोचतात त्यांची पदं रिकामी राहतात. वाणिज्यच्या पूर्णवेळ प्राध्यापकांची आणि प्रयोगशाळा सहायकांची ही पदं भरावीत, एवढी माझी संस्थाचालकांना आणि शासनाला कळकळीची विनंती आहे. आणि तुम्ही जर वाणिज्यचे विद्यार्थी असाल, तर तुम्हाला हिशोब शिकवणारे शिक्षक कायम आहेत की तासावर, हे एकदा विचारून घ्या.